फ्लू-कोविडच्या रुग्णाची विडाल पॉझिटिव्ह आली तर टायफॉइड मानायचा का?

काचपट्टी (धागाकर्ता)

नमस्कार. मी रक्त-लघवी तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ आहे. श्वसनाच्या विषाणूंची साथ सुरू झाली की एक प्रकार हमखास दिसतो. ताप, खोकला, घसा दुखतोय म्हणून आलेल्या माणसाचा स्वॅब इन्फ्लुएंझा किंवा कोविडसाठी पॉझिटिव्ह येतो. त्याच चिठ्ठीवर विडाल, म्हणजे टायफॉइडसाठीची रक्ततपासणी, हीही लिहिलेली असते. ती केली की टीओ १:८०, टीएच १:१६० (टायफीच्या ओ आणि एच या भागांविरुद्धचे) असे काहीतरी आकडे निघतात. रुग्ण रिपोर्ट हातात घेऊन विचारतो, "म्हणजे मला दोन्ही झालंय का?"

अर्थ लावणं डॉक्टरांचं काम, हे मान्य. पण या रिपोर्टवरून किती जणांना टायफॉइडची अँटिबायोटिकं सुरू होतात ते मला समोर दिसतं आणि ते मला पटत नाही. माझं मत सरळ आहे. विषाणूसंसर्ग सिद्ध झालेला असताना केवळ एका विडालवर, त्यातही स्लाइडवर केलेल्या विडालवर, टायफॉइडचा शिक्का मारू नये. मी कुठे चुकत असेन तर तेही सांगा. जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

पारिजात

फार गरजेचा विषय. वाचते आहे.

उंबरठा

आमच्याकडे अगदी हेच झालं. मुलीला फ्लू असल्याचं स्वॅबवरून कळलं होतं, तरी सोबत केलेली टायफीडॉट (टायफॉइडची जलद रक्ततपासणी) पॉझिटिव्ह आली म्हणून शिरेतून अँटिबायोटिक सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन सुरू केलं. पहिल्या इंजेक्शननंतर दुसऱ्याच दिवशी ताप गेला. सगळे म्हणाले, बघा, टायफॉइडच होता, औषध लागू पडलं. मलाही तसंच वाटत आलंय. मग काचपट्टी म्हणतात ते आमच्या बाबतीत कसं बसतं?

औदुंबर

उंबरठाताई, मी फिजिशियन आहे. तुमच्या मुलीला तपासलेलं नाही, त्यामुळे तिच्याबद्दल ठाम बोलणार नाही. पण "औषध दिलं आणि दुसऱ्या दिवशी ताप गेला" हा टायफॉइडचा पुरावा होत नाही, उलट तो टायफॉइडच्या विरुद्ध जातो. खऱ्या टायफॉइडमध्ये योग्य अँटिबायोटिक दिलं तरी ताप उतरायला साधारण चार ते सहा दिवस लागतात. फ्लूचा ताप मात्र तीन-पाच दिवसांत आपणहून उतरतो. इंजेक्शन नेमकं उतरणीच्या वेळी पडलं की श्रेय त्याला जातं. माझ्या पेशात या योगायोगानं जितके टायफॉइड "सिद्ध" झालेत तितके दुसऱ्या कशानं झाले नसतील.

सूक्ष्मदर्शी

काचपट्टी, धाग्याबद्दल आभार. मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते, तेव्हा थोडं मुळापासून लिहिते.

विडाल ही १८९६ सालची तपासणी. फर्नांड विडाल यांनी ती पॅरिसमध्ये मांडली. त्याच वर्षी ग्रुबर आणि डरहॅम यांनी दाखवून दिलं होतं की रोगातून बरं झालेल्याच्या सीरममुळे त्या रोगाचे जंतू एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. विडाल यांनी हेच रुग्णाच्या निदानासाठी वापरलं. थोडक्यात, ही तपासणी जंतू शोधतच नाही. जंतूच्या पेशीभित्तीवरच्या ओ आणि शेपटीवरच्या एच या प्रतिजनांविरुद्ध (अँटिजेनांविरुद्ध) रक्तात किती प्रतिपिंडं (अँटिबॉडी) आहेत तेवढं मोजते. १:१६० म्हणजे सीरम १६० पट पातळ करूनही गुठळी दिसली.

आता ही प्रतिपिंडं दुसऱ्या कारणांनीही रक्तात असू शकतात. पूर्वी कधी टायफॉइड होऊन गेला असेल तर एच प्रतिपिंडं कित्येक महिने, काही जणांत वर्षानुवर्षं टिकतात. ओ ९ आणि ओ १२ हे प्रतिजन फक्त साल्मोनेला टायफीचे (टायफॉइडच्या जंतूचे) नाहीत, त्याच कुळातल्या इतर साल्मोनेलांवरही ते असतात, त्यामुळे त्यांचा संसर्गही इथे उमटतो. ज्या भागात टायफॉइड कायमचा मुक्कामाला आहे तिथे धडधाकट माणसांच्या रक्तातही १:४०, १:८० सर्रास सापडतं. म्हणून त्या त्या भागातल्या निरोगी लोकांची पातळी मोजून मगच मर्यादा ठरवायची असते. किटच्या पाकिटावर छापलेली मर्यादा सगळीकडे लागू होत नाही.

विषाणूचा संबंध पुढे येतो. जोरदार संसर्गात प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी चेतवल्या जातात आणि त्यात आत्ताच्या शत्रूशी संबंध नसलेल्या जुन्या स्मृतिपेशीही जाग्या होतात. एका दारावर थाप पडली की शेजारच्या दारांतूनही माणसं डोकावतात, तसं. मलेरिया आणि डेंग्यूमध्ये खोटी पॉझिटिव्ह विडाल ही जुनी ओळखीची गोष्ट आहे. कोविडच्या काळात दक्षिण आशियातून कोविडच्या रुग्णांतही अशा नोंदी आल्या. टायफॉइडचा कसलाही पुरावा नाही, पण विडाल किंवा टायफीडॉट पॉझिटिव्ह.

तळटीप

सूक्ष्मदर्शी, नावाला जागलात. वाचनखूण साठवली.

रानवारा

सगळं ठीक, पण माझी दुसरी बाजू ऐका. आमच्या नात्यातल्या एका तरुणाला ताप आला तेव्हा आजूबाजूला सगळीकडे फ्लू होता. त्यालाही खोकला होता. "व्हायरल आहे, जाईल" असं म्हणत दोन आठवडे गेले. तिसऱ्या आठवड्यात आतड्याला छिद्र पडलं, तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागली. टायफॉइड होता. मुलगा वाचला, पण घरच्यांनी जे भोगलं ते मी पाहिलंय.

तेव्हा "विडालवर विश्वास ठेवू नका" हे वाक्य कुणी अर्धवट वाचून टायफॉइडकडेच दुर्लक्ष करणार असेल तर तेही तितकंच घातक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं २०१९ साली जगभरात सुमारे ९० लाख लोकांना टायफॉइड झाला आणि १ लाख १० हजार मृत्यू झाले. हा काही पुस्तकातला जुना रोग नाही.

औदुंबर

रानवारा, शंभर टक्के सहमत, आणि हे धाग्यात यायलाच हवं होतं. खोकला आहे म्हणून टायफॉइड नाही, हे चूकच. टायफॉइडच्या पहिल्या आठवड्यात कोरडा खोकला बऱ्याच जणांना असतो. पण तुमच्या उदाहरणात विडालवरचा अविश्वास नडला नाही. दोन आठवडे ताप असूनही रक्ताचं कल्चर (रक्तातले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) केलं गेलं नाही, ते नडलं.

मी रुग्णाकडे कसं बघतो ते सांगतो. फ्लू अचानक पकडतो. सकाळी बरा असलेला माणूस संध्याकाळी अंग मोडून पडतो, घसा, नाक, खोकला सुरुवातीपासून, आणि दोन-तीन दिवसांत घरातलं आणखी कुणीतरी आडवं होतं. टायफॉइडचा ताप बहुधा हळूहळू, पायरीपायरीनं चढतो. डोकं दुखतं, भूक जाते, पोटात बरं वाटत नाही, मोठ्यांमध्ये बद्धकोष्ठ तर मुलांत जुलाब जास्त. जिभेवर मधे पांढरा थर, कडा लाल. पुढे प्लीहा हाताला लागते. तापाच्या मानानं नाडी संथ असणं हे पुस्तकात ठळक असतं, प्रत्यक्षात अनेकदा नसतं. वाहतं नाक आणि वास जाणं मात्र टायफॉइडचं चित्र नाही.

साध्या सीबीसीवर (रक्तपेशींच्या मोजणीवर) कुणी फार विसंबू नये. पांढऱ्या पेशी टायफॉइडमध्ये कमी होतात, तशा विषाणूतापातही होतात. प्लेटलेट्सचं तेच. इओसिनोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) शून्यावर गेले की टायफॉइडची शंका येते खरी, पण कोविडमध्येही ते जातात.

उंबरठा

डॉक्टर, ताप उतरायला चार-सहा दिवस लागतात हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. मग पॉझिटिव्ह रिपोर्टला काहीच अर्थ नाही का? किट बनवणारे तर ९० टक्क्यांच्या पुढे अचूक म्हणतात.

गणितभिडू

उंबरठाताई, याचं उत्तर किटमध्ये कमी आणि किट कुणावर वापरलं त्यात जास्त आहे. आकडे समजण्यापुरते घेतोय, प्रत्यक्ष सर्वेक्षणाचे नाहीत.

विषाणूची साथ आहे आणि तापाच्या १००० रुग्णांची तपासणी केली असं धरा. त्यात खरा टायफॉइड २० जणांना. तपासणी टायफॉइड असलेल्यांपैकी ८० टक्के पकडते आणि नसलेल्यांपैकी १५ टक्क्यांना उगीच पॉझिटिव्ह दाखवते. म्हणजे २० मधले १६ पकडले गेले. उरलेल्या ९८० चे १५ टक्के १४७. एकूण पॉझिटिव्ह १६३, त्यातले खरे १६. दहा पॉझिटिव्ह रिपोर्टांमध्ये जेमतेम एक खरा.

आता तेच किट अशा १००० जणांवर वापरा ज्यांचा ताप आठवडाभर हटलेला नाही, पोटाची तक्रार आहे, आणि त्यांच्यात ४०० जणांना खरोखर टायफॉइड आहे. खरे पॉझिटिव्ह ३२०, खोटे ९०. आता चारातले तीन रिपोर्ट खरे. किट तेच, फक्त ते वापरलं ते रुग्ण बदलले.

म्हणून स्वॅब पॉझिटिव्ह आलाय, लक्षणं फ्लूची आहेत, तिथे विडाल लिहिणं हीच मूळ चूक. उत्तर काय आलं हा पुढचा प्रश्न.

सूक्ष्मदर्शी

गणितभिडू, वर्गात हेच उदाहरण सांगणार आहे आता.

तुमचे आकडे वास्तवापासून लांबही नाहीत. टायफीडॉट, ट्यूबेक्स वगैरे जलद तपासण्यांचा कॉक्रेनचा (वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या संस्थेचा) आढावा २०१७ साली आला. त्यात ट्यूबेक्स टायफॉइड असलेल्या सरासरी ७८ टक्के रुग्णांना पकडते आणि नसलेल्यांपैकी ८७ टक्क्यांना बरोबर निगेटिव्ह सांगते असं दिसलं. टायफीडॉट गटाचे आकडे ८४ आणि ७९. निष्कर्ष असा की अचूकता मध्यम आहे, रक्त कल्चरची जागा घेण्याइतकी नाही.

आणखी एक मुद्दा राहिला, माझ्या मते या धाग्यातला सर्वात उपयोगी. टायफॉइडमध्ये ओ प्रतिपिंडं साधारण सहाव्या ते आठव्या दिवशी दिसू लागतात आणि एच दहाव्या ते बाराव्या दिवशी. फ्लूचा रुग्ण रक्त कधी देतो? दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी! मग तिसऱ्या दिवशीच्या रक्तात टीएच १:१६० आला असेल, तर तो या तापानं आलेला असण्याची शक्यता फारच कमी. तो आधीपासून तिथे होता. आणि खऱ्या टायफॉइडच्या रुग्णाचं रक्त तिसऱ्या दिवशी घेतलं तर विडाल निगेटिव्ह येऊ शकते. म्हणजे ज्या दिवशी ही तपासणी सर्वात जास्त केली जाते त्या दिवशी तिचं हो आणि नाही, दोन्ही लंगडं असतं.

शास्त्रशुद्ध पद्धत म्हणजे दहा ते चौदा दिवसांच्या अंतरानं दोनदा रक्त घ्यायचं, दोन्ही नमुने ट्यूब पद्धतीनं (नळ्यांत सीरम टप्प्याटप्प्यानं पातळ करत) एकत्र तपासायचे आणि टायटर (१:८०, १:१६० हा आकडा) चौपट वाढलंय का ते पाहायचं. ८० चं ३२० झालं तर अर्थ आहे. ८० चं १६० झालं तर नाही, एका पायरीचा फरक हाताळणीतही पडतो.

रानवारा

दोन आठवडे थांबायचं? तोवर रुग्णाचं काय?

औदुंबर

बरोबर पकडलंत. चौपट वाढीतून निदान पक्कं होतं, पण उपचार त्यासाठी थांबवता येत नाहीत. म्हणून रक्त कल्चर. पहिल्या आठवड्यात, आणि अँटिबायोटिकची पहिली गोळी पोटात जाण्याआधी. कल्चरलाही मर्यादा आहे, टायफॉइडच्या शंभर रुग्णांपैकी साधारण साठच त्यात सापडतात. अस्थिमज्जेच्या कल्चरमध्ये जास्त सापडतात, पण ते प्रत्येकाचं करता येत नाही. तरीही जंतू वाढला की निदान पक्कं, आणि कोणतं औषध चालेल तेही कळतं. विडाल कितीही १:६४० येऊ दे, औषध निवडायला ती काडीची मदत करत नाही.

फ्लू किंवा कोविड सिद्ध झालाय, प्रकृती स्थिर आहे, विडाल आलीय पॉझिटिव्ह, अशा वेळी मी टायफॉइडची औषधं देत नाही, लक्ष ठेवतो. ताप पाच-सात दिवसांनंतरही तसाच राहिला, उतरून पुन्हा चढू लागला, पोट दुखू-फुगू लागलं, तर कल्चर. रुग्ण फार आजारी असेल तर कल्चर घेऊन लगेच औषध, निकालाची वाट बघत नाही. दोन्ही आजार एकाच वेळी असू शकतात, दुर्मीळ का होईना. आणि दम लागला, ऑक्सिजन उतरला, तर आधी फुप्फुसांकडे बघायचं. "टायफॉइड आहे, इंजेक्शनं चालू आहेत" या समाधानात न्यूमोनियाकडे लक्ष उशिरा गेलेले रुग्ण मी पाहिलेत. खोट्या निदानाचा खरा धोका मला तिथे वाटतो.

गवतफूल

अवांतर आहे, पण विचारते. मी टायफॉइडची लस घेतली आहे. माझी विडाल आता कायम पॉझिटिव्ह येणार का?

सूक्ष्मदर्शी

अवांतर अजिबात नाही. इंजेक्शनच्या हल्लीच्या लशी, साधी व्हीआय पॉलिसॅकराइड किंवा कॉन्ज्युगेट, व्हीआय या वेगळ्या प्रतिजनावर बेतलेल्या आहेत. विडाल ओ आणि एच बघते, त्यामुळे या लशींनी सहसा गोंधळ होत नाही. जुन्या काळच्या, अख्खे मारलेले जंतू टोचणाऱ्या लशींनी नक्की व्हायचा. तोंडानं घ्यायच्या जिवंत लशीनंही प्रतिपिंडं वाढू शकतात. तुमची कोणती आहे ते कार्डावर बघा.

पारिजात

माझ्या सासूबाई "मुरलेला टायफॉइड" म्हणून दर काही महिन्यांनी विडाल करतात आणि दर वेळी ती पॉझिटिव्ह येते, मग पुन्हा औषधं. ताप नाही, काही नाही. फक्त थकवा.

औदुंबर

पारिजात, कृपया हे थांबवा. टायफॉइड बरा झाला का हे विडालवरून ठरत नाही. एच प्रतिपिंडं महिनोन्‌महिने राहतात हे वर आलंच आहे, निगेटिव्ह येईपर्यंत औषध द्यायचं ठरवलं तर ते संपणारच नाही. ताप नसताना विडाल करायचं कारण नाही. थकव्यासाठी हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर बघून घ्या. टायफॉइडनंतर पित्ताशयात जंतू राहून माणूस वाहक होऊ शकतो हे खरं, पण ते शोधायला शौचाचं कल्चर लागतं.

खलबत्ता

फार्मसिस्ट आहे, म्हणून औषधांबद्दल. विडालचा कागद दाखवून अ‍ॅझिथ्रोमायसिन, सेफिक्सिम मागणारे रोज येतात. चिठ्ठी नसेल तर मी देत नाही, त्यावरून बोलणीही खातो. कोविडमध्ये अ‍ॅझिथ्रोमायसिनचा फायदा नाही हे रिकव्हरी या मोठ्या ब्रिटिश चाचणीनं २०२१ साली दाखवून दिलं, तरी सवय सुटलेली नाही.

आणि हे औषध आपण उधळण्याच्या परिस्थितीत नाही. २०१६ साली पाकिस्तानात सिंधमधल्या हैदराबादेत जो टायफॉइड सुरू झाला त्याच्यावर क्लोरॅम्फेनिकॉल, अँपिसिलिन, कोट्रायमॉक्साझोल, सिप्रोफ्लॉक्सॅसिनचा गट आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन, काहीच चालत नव्हतं. तोंडानं घ्यायचं भरवशाचं औषध उरलं अ‍ॅझिथ्रोमायसिन. नाहीतर कार्बापेनेम गटाची इंजेक्शनं. हेच अ‍ॅझिथ्रोमायसिन आपण फ्लूला वाटत सुटलो तर रानवारांच्या नातेवाइकासारख्या खऱ्या रुग्णाला उद्या काय द्यायचं?

रानवारा

खलबत्ता, हा मुद्दा पटला. मी खऱ्या रुग्णाच्या बाजूनंच बोलत होतो, आणि खोटी निदानं त्याच्याच वाटचं औषध संपवतात हे लक्षात आलं नव्हतं.

काचपट्टी

सगळ्यांचे मनापासून आभार. आता माझा प्रश्न प्रयोगशाळेच्या बाजूनं. चिठ्ठीवर विडाल लिहून आली की मी ती नाकारू शकत नाही. मग माझ्या हातात काय उरतं?

सूक्ष्मदर्शी

बरंच उरतं. स्लाइडवर गुठळी दिसली तर ट्यूबवर खात्री करा आणि रिपोर्टवर नुसतं पॉझिटिव्ह न लिहिता टायटर आणि पद्धत दोन्ही लिहा. दर वेळी ज्ञात पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह सीरम सोबत लावा. ट्यूब लावताना पुढची विरलनं (सीरम जास्त पातळ केलेल्या नळ्या) गाळू नका, प्रतिपिंडं फार असली की पहिल्या नळ्यांत गुठळी दिसतच नाही आणि खोटं निगेटिव्ह जातं. कल्चरसाठी मोठ्या माणसाचं रक्त एका बाटलीत ८ ते १० मिली घ्या. टायफॉइडमध्ये एक मिली रक्तात जेमतेम एखादा जंतू असतो, दोन मिलीत तो सापडेल कुठून?

काचपट्टी

आमच्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमना हा धागा दाखवला. विडालच्या रिपोर्टखाली एक ओळ छापायला त्या तयार आहेत. मी मसुदा केलाय: "एकाच नमुन्यातील टायटरवरून टायफॉइडचे निदान निश्चित होत नाही. पूर्वीचा संसर्ग, लसीकरण किंवा इतर ज्वरांमध्येही टायटर वाढलेले आढळू शकते. अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी रक्त कल्चर करणे इष्ट." कसा वाटतो?

औदुंबर

उत्तम. "इतर ज्वरांमध्ये" नंतर "विषाणूजन्य श्वसनसंसर्गासह" घाला, साथीच्या दिवसांत तेच वाचलं जायला हवं. आणि रक्त घेताना ताप कितवा दिवस आहे ते विचारून रिपोर्टवर वेगळ्या रकान्यात छापा. तिसरा दिवस आणि टीएच १:१६० हे शेजारी शेजारी दिसलं की लिहिणारा डॉक्टर थबकेल. मी तरी थबकेन.

काचपट्टी

दोन्ही घेतले. रकान्याचं नाव "तापाचा दिवस" ठेवतोय. रुग्णाला आठवत नसेल तर रिकामा न सोडता "माहीत नाही" लिहायचं, असं मॅडमनी सांगितलंय.